पाव फेरा

बायकोने पाना उलटा फिरवला, हे निरीक्षकाने उशीवर रेलल्या रेलल्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तो काही बोलला नाही. हॉस्पिटलातून घरी आल्यानंतरची ती पहिलीच सकाळ. ती पलंगाच्या पायथ्याशी स्टूल ओढून बसली होती आणि जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरून, सायकलचं पंक्चर काढणाऱ्याच्या एकाग्रतेने, त्याच्या मोडक्या नडगीभोवती बसवलेल्या लोखंडी पिंजऱ्याचा एकेक नट पाव फेरा फिरवत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घड्याळाच्या काट्यांसारखं. ही फिरवत होती ते सरळसरळ काट्यांच्या विरुद्ध. 'दुखतंय का हो?' तिने मान वर न करता विचारलं. 'छे,' तो म्हणाला. हाडाच्या आत कुणीतरी जड खुर्ची फरफटत सरकवत होतं, पण ते काही सांगण्यासारखं नव्हतं. वजनमापं खात्यात हयात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: दुकानदार काटा मारताना दिसला तर लगेच ओरडायचं नसतं. ओरडलात की तो म्हणतो, अरेच्चा, हात लागला वाटतं साहेब. आणि पंचाईत अशी की कधी कधी खरंच हात लागलेला असतो. आपण पोत्यांशेजारी उभं राहायचं, भाव विचारायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि त्याला आणखी दोनदा काटा मारू द्यायचा. धाड सांगून घालत नाहीत. निरीक्षकाने डोळे मिटले आणि पापण्यांच्या फटीतून बघत राहिला. शेवटचा नट झाल्यावर तिने पाना उशाशी असलेल्या काचेच्या ग्लासात ठेवला, थर्मामीटरच्या शेजारी, आणि पांघरूण पिंजऱ्यावरून अलगद ओढलं. किती अलगद! संशय यावा इतकं अलगद.

पायाचं म्हणाल तर तो मोडला होता कामावरच. भंगाराच्या एका दुकानातलं पन्नास किलोचं लोखंडी वजन हलकं आहे, असा त्याला दाट संशय होता. ते चौथऱ्यावरून घसरून त्याच्या नडगीवर आलं तेव्हा पुरेपूर भरलं. खात्यातली मंडळी भेटायला आली, फळं ठेवून खुर्च्यांवर अवघडून बसली, आणि त्यांतल्या एकाने हलक्या आवाजात विचारलं, 'पण साहेब, वजन बरोबर होतं का?' 'तपासायचंय अजून,' निरीक्षक म्हणाला होता, आणि त्या दिवसांत त्याला खरं समाधान तेवढ्याच वाक्याने दिलं होतं. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. मधला तुकडा कामातून गेला म्हणून काढून टाकावा लागला. मग डॉक्टरांनी हे यंत्र बसवलं, बाहेरून: नडगीभोवती लोखंडी कड्या, कड्यांतून आरपार ताणलेल्या तारा, एका बाजूने कातडीत शिरून हाडातून जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडलेल्या, आणि कड्यांना जोडणारे आटे पाडलेले दांडे. गुडघ्याखाली चांगलं हाड मुद्दाम कापून एक फट पाडली होती. दिवसातून चार वेळा पाव पाव फेरा नट फिरवले की मधली कडी केसभर खाली सरके, फट केसभर रुंद होई, आणि शरीर बापडं त्या फटीत नवं हाड भरत बसे. 'घाई केलीत तर हाड धरणार नाही,' डॉक्टर म्हणाला. 'आळस केलात, किंवा उलटं फिरवलंत, तर फट अवेळी जुळून बसेल. मग पुन्हा कापा. आणि दुसऱ्यांदा जमेल याची हमी मी देत नाही. पाय राहील, पण तो मिरवण्यापुरता.' डॉक्टर उमदा होता, आपल्याच बोलण्यावर खूश. 'गंमत कशी आहे बघा. शरीराला फसवायचं असतं. त्याला वाटत राहतं, आता जुळलं, आता जुळलं. आपण जुळू देत नाही. त्याच्या लक्षातच येत नाही!' ज्याच्या धंद्याचं मूळच फसवणुकीत आहे आणि जो ते हसत हसत सांगतो, अशा माणसाबद्दल काय मत करून घ्यावं, हे निरीक्षकाला तेव्हाच ठरवता आलं नव्हतं. डॉक्टर पायथ्याशी उभा, त्याच्या खांद्याशी बायको. त्याने पाना तिच्या हातात दिला होता. 'घड्याळाच्या काट्यांसारखं. कळलं ना वहिनी?' कळलं, म्हणाली होती ती. मग आता हे काय?

ती मोटार शिकवायची. हे वाक्य उच्चारताना निरीक्षकाचा आवाज अजूनही किंचित घसरे. पोरगी लग्न होऊन दूरदेशी गेल्यावर आईबाप देवधर्माला लागतात, बागेला पाणी घालतात. ही मोटार चालवायला शिकली, आणि मग एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना शिकवायला लागली. तिला कुणी शिकवलं, हे त्याने तेव्हा विचारलं होतं. 'अहो, एक म्हातारे होते, त्यांना दिसायचंही नाही नीट.' ज्याला दिसत नाही तो मोटार कशी शिकवतो, हा प्रश्न त्याने मनाच्या फडताळात ठेवून दिला होता. तिथे असे बरेच होते. आता पलंगावर पडल्यापडल्या तो एकेक काढून पुसत बसे. दुपारी ती शिकवण्याला जाई, दार ओढून घेई, आणि जिन्यावरून तिची पावलं उतरत जात. उतरताना ती पावलं हलकी होती. चढताना जरा जड. याचा अर्थ काय घ्यायचा? संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गुणगुणत असे. त्याच्या आठवणीत ती कधी गुणगुणली नव्हती, निदान लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांनंतर तरी. घरसुद्धा बदललं होतं. खिडकीचा पडदा दिवसभर बाजूला सारलेला राहू लागला, रेडिओ तिच्या बाजूला गेला, आणि जेवणाच्या टेबलाजवळची त्याची खुर्ची, तिच्यावर इस्त्रीचे कपडे आले. आधी एक शर्ट, मग ढीग. एखाद्या देशाचा राजा आजारी पडल्यावर शेजारचं राज्य जसं हळूहळू सरकतं, तसं. त्याने एकदा सहज विचारलं, 'बरं चाललंय नाही का घर?' 'चाललंय की,' ती म्हणाली. फक्त 'चाललंय' म्हणाली असती तर ठीक. ते 'की' कुठून आलं?

थोरल्या बहिणीचा फोन आला तेव्हा तो हे सगळं मनातल्या मनात जुळवतच होता. 'कोण करतं रे ते फिरवाफिरवीचं?' ताईने विचारलं. 'हीच.' 'हं.' ताईच्या 'हं'ने आजवर दोन सोयरिकी मोडल्या होत्या. 'एवढं मोठं ऑपरेशन, आणि पाना बायकोच्या हातात? मी आपलं म्हणते हं. मला काय करायचंय.' 'नीट करते ती.' 'करत असेल की. ती काय बाबा, मोटारसुद्धा चालवते. तू झोपतोस ना वेळेवर? गोळ्या कोण देतं?' 'हीच.' 'हं,' ताई पुन्हा म्हणाली, आणि तिकडे कुणीतरी दार वाजवल्यामुळे फोन ठेवून दिला. दार खरंच वाजलं होतं का, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

त्याच दुपारी त्याने कायदा हातात घेतला. पावलं जिन्यावरून उतरून गेली, खालचं फाटक करकरलं, गाडी सुरू होऊन निघून गेल्याचा आवाज आला. मग तो कण्हत उठून बसला, ग्लासातून पाना काढला, आणि पिंजऱ्यावर ओणवा होऊन पाहू लागला. प्रत्येक नटाच्या एका कडेला तिने नखांच्या रंगाचा लाल ठिपका दिला होता, कुठवर फिरवलं हे चुकू नये म्हणून. ठिपका! लबाड तराजूवरची शिक्क्याची मोहोर नेहमीच सुबक असते. तिने सकाळपासून उलटं फिरवलेलं सगळं त्याने एकेक करून सरळ केलं. घड्याळाच्या काट्यांसारखं, अगदी डॉक्टरांनी सांगितलं तसं. मग पेन्सिलीने कडीवर, प्रत्येक ठिपक्यासमोर, आपली बारीक रेघ ओढली. आणि काय सांगावं, आतली ओढ सैलावली. सकाळपासून पोटरीत रुतून बसलेली ती खुर्ची कुणीतरी उचलून बाजूला ठेवली. कातडीत तारा शिरतात तिथली आगही निवल्यासारखी वाटली. बरं वाटतंय म्हणजे बरोबर झालं, असं त्याने मानलं. नोकरीत एखाद्या हाताखालच्या माणसाने असा निष्कर्ष काढला असता तर निरीक्षकाने त्याची बिनपाण्याने केली असती. पण सुखाची पावती कोण तपासतो? पाना ग्लासात परत गेला, पांघरूण परत आलं, आणि निरीक्षक एखाद्या चोराच्या गाढ निरागसतेने झोपी गेला. संध्याकाळच्या गोळीची गुंगी उतरली तेव्हा स्वयंपाकघरात ती गुणगुणत होती. त्याने पांघरूण वर केलं. ठिपके पेन्सिलीच्या रेघेपाशी नव्हते. होते तिथून पुन्हा उलट्या अंगाने गेले होते, आणि तेही पाव फेऱ्याहून कितीतरी जास्त. त्याच्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर त्या काट्यात थोडा आनंदही होता. मुद्देमाल सापडला होता.

मग हे रोजचंच झालं. दुपारी तो सरळ करी, संध्याकाळी तो गुंगीत असताना ती उलट करी, आणि दोघं चहा पिताना हवेबद्दल बोलत. त्याचे वडील घरातलं घड्याळ मुद्दाम पुढे ठेवायचे, म्हणजे कुणाला कुठे उशीर होऊ नये. घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणून सगळे तेवढं वजा करत. वडिलांना ते उमगलं तेव्हा त्यांनी कुणाला न सांगता ते आणखी पुढे केलं. आईला उमगलं, तिने कुणाला न सांगता थोडं मागे घेतलं. अखेर त्या घरात किती वाजलेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी माणसं शाळेत पोचत, कामावर जात, जेवत, आणि एकेक करून मरतही वेळेवर. लहानपणी तो त्या घड्याळाखाली उभा राहून लंबकाकडे बघत बसे: समोर दिसतंय ते खोटं आहे हे माहीत आहे, पण नेमकं कितीने खोटं, हे कुणाला विचारायचं? विचारलं तर सांगणाराही काहीतरी मिळवून किंवा वजा करूनच सांगणार. वजनमापं खात्यात जागा निघाल्याचं कळलं तेव्हा त्याला नोकरी लागल्याचा आनंद झाला नव्हता, आजारावर औषध निघाल्याचा झाला होता. आत कपाटात, काचेखाली, मखमलीवर, खात्याचं प्रमाण वजन असे. ते बरोबर असे. त्याला कुणी हात लावत नसे, लावायचा तर हातमोजे घालून. लग्नानंतर सुरुवातीला त्याने बायकोला मोठ्या हौसेने ते दाखवायला नेलं होतं. ती काचेपाशी वाकून पाहत राहिली, आणि म्हणाली, 'बिचारं. कुणी वापरतच नाही का याला?'

'आज एका वकिलाला गाडी दिली होती हातात,' एका संध्याकाळी ती तारांभोवतीची कातडी मिठाच्या पाण्याने पुसता पुसता सांगू लागली. ती मूडमध्ये होती. 'ब्रेक म्हटलं की माफी मागतो. ब्रेक काही दाबत नाही. सॉरी मॅडम, सॉरी मॅडम, आणि समोर ट्रक!'

'मग?'

'मग काय. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना. मी दाबते.'

'त्याला कळतं?'

'कळलं तर घाबरतात हो लोक. न कळलेलं बरं. त्याला वाटतं आपणच थांबवली. असं चार वेळा वाटलं, की पाचव्यांदा खरंच थांबवतो.' ती हसली, आणि कापसाचा बोळा वाटीत टाकला. 'हलू नका. इथे जरा लाल दिसतंय.'

निरीक्षक हलला नाही. तो मनात टिपून घेत होता: आरोपी परक्या माणसांना रोज पद्धतशीर फसवते, त्यांना पत्ता लागू देत नाही, आणि त्यात तिला आनंद आहे. कबुलीजबाब याहून वेगळा काय असतो? पण का? हेतू नको का काही? भंगारवाला काटा मारतो त्याला निदान कारण असतं. हिला आपला पाय आखूड करून काय मिळणार? आणि मग, ती वाटी उचलून आत गेली, आणि आतून पुन्हा तो गुणगुणण्याचा आवाज आला तेव्हा, उत्तर त्याच्यासमोर येऊन पलंगाच्या कडेवर बसलं. आपण पडलेलो असणं, हेच मिळणार. ती चोरते आहे ती आपल्या उठण्याच्या दिवसातून. हे एकदा सुचल्यावर मात्र त्याला मुद्देमालाचा आनंद होईना. छातीत काहीतरी, आटे घासलेल्या नटासारखं, नुसतं फिरत राहिलं. धरेना आणि सुटेना. धाड घालायची तर आता घालता आली असती. ओरडायचं, अगं, तू हे काय करतेस? पण समजा ती म्हणाली, हो. मग?

तपासणीच्या दिवशी डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला आणि शीळ घातली. निरीक्षक टेबलावर आडवा. बायको भिंतीला टेकून, हातात पर्स. आपण जे सरळ केलं ते हिने उलटं केलं, म्हणजे हिशेब शून्यावर. फट जुळून बसली असणार, पुन्हा कापणार. आणि मग आपण डॉक्टरांसमोर सगळं मांडायचं. वाक्यंसुद्धा त्याने जमवून ठेवली होती. 'अप्रतिम,' डॉक्टर म्हणाला. 'फट हवी तेवढीच. आणि हाड बघा काय धरलंय! मला एवढं जाड अपेक्षित नव्हतं. वहिनी, तुम्ही मधेच पुढे-मागे केलं होतंत का? काही पेशंटच्या बाबतीत आम्ही मुद्दाम करतो तसं, भात्यासारखं. दाबायचं, ओढायचं. हाडाला चेव येतो त्याने.'

'तुम्ही सांगितलंत तेच केलं,' बायको म्हणाली.

'फट हवी तेवढीच?' निरीक्षकाने विचारलं. 'डॉक्टर, फट वाढते ती कुठल्या बाजूने फिरवलं की? मला एकदा करून दाखवा.'

'आता शिकून काय करणार? संपलं की फिरवणं!' डॉक्टर हसला, पण पाना घेऊन पायथ्याशी उभा राहिला आणि हवेत फिरवून दाखवला. 'असं.' टेबलावर उशाला डोकं ठेवून पडलेल्या निरीक्षकाला त्याचा हात घड्याळाच्या विरुद्ध जाताना दिसला. 'उलटं होतंय हे,' तो म्हणाला. 'उलटं कसं? या इकडून बघा.' डॉक्टर उशाशी आला, त्याच्या खांद्यापाशी वाकला, आणि पाना नटाला लावून तीच हालचाल केली. आता डॉक्टरचा हात डॉक्टरलाच उलटा जाताना दिसला असावा, कारण तो थबकला आणि म्हणाला, 'अच्छा, तुम्ही झोपून बघता नाही का. नट पायाच्या बाजूने बघायचा. घड्याळ मागून बघितलं तर काटे उलटेच फिरणार!' आणि या विनोदावर तो मनापासून हसला. काटा समोरून वाचावा, हे निरीक्षकाने किती दुकानदारांना बजावलं होतं. त्यासाठी दंड केले होते. त्याने एक्स-रेवरच्या त्या फिकट ढगाकडे पाहिलं. त्याने दुपारी मागे नेलेलं सगळं संध्याकाळी कुणीतरी पुन्हा पुढे आणलं होतं, बरोबर तेवढंच, एकदाही कमीजास्त न होता. बायको पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत होती. ती किल्ली तिच्या हातातच होती.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, तिने मागून आणलेली. तो मागच्या सीटवर आडवा बसला, पिंजरा उशीवर, पाठ दाराला. तिने गाडी गल्लीतून बाहेर काढून रस्त्याला लावली.

'तुला माहीत होतं,' तो म्हणाला.

'काय?'

'दुपारचं.'

'हो.'

'कधीपासून?'

'पहिल्या दिवसापासून. पाना ग्लासात उलटा ठेवला होतात. आणि पेन्सिलीची रेघ. अहो, रेघ तरी पुसायची.'

'मग बोलली का नाहीस?'

तिने गिअर बदलला. 'बोलले असते, तर तुम्ही पाना सुलटा ठेवायला आणि रेघ पुसायला शिकला असतात. मग मला कसं कळलं असतं, किती मागे नेलंय ते? असं निदान दिसत तरी होतं.'

'मला वाटलं तू उलटं फिरवतेस.'

'ते कळलं.'

'मुद्दाम.'

'तेही कळलं,' ती म्हणाली. रस्त्यात एक सायकलवाला आडवा आला, तिने त्याला जाऊ दिलं. तो गेल्यावरही गाडी क्षणभर तिथेच थांबून राहिली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

कुठलाही पुरावा हाताशी नसताना निरीक्षकाने आयुष्यात कुणाला काही विचारलं नव्हतं. आता त्याच्याजवळ एक रेघसुद्धा नव्हती. 'मी बरा व्हायला हवाय ना तुला?' त्याने विचारलं.

'बहुतेक वेळा.'

'बहुतेक?'

'खरं सांगू का?' ती समोर रस्त्याकडे बघत बोलत होती, आवाज शिकवतानाचा, शांत. 'तुम्ही पडून होतात तर कधी कधी बरं वाटायचं घरात. दार उघडलं की, कुठे होतीस, कोण होतं बरोबर, एवढा वेळ का लागला, असं कुणी विचारत नव्हतं. पडल्यापडल्या नुसते बघायचात. बघण्याचा एवढा त्रास नाही होत. मग भाजी चिरताना मनात यायचं, हे असेच राहिले तर? आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. मग हात धुऊन यायचे आणि पाना घ्यायचे.'

निरीक्षकाने साऱ्या नोकरीत पोकळ वजनं पाहिली होती, पारड्याखाली चिकटवलेलं मेण पाहिलं होतं, देवाची शपथ घेणारे आणि मुलाबाळांची घेणारे पाहिले होते. 'साहेब, माझा काटा जरा कमी भरतो,' असं आपणहून म्हणणारा माणूस त्याला एकदाही भेटला नव्हता. अशा माणसाला काय करायचं, याचं खात्यात कलमच नव्हतं. पायात ओढ नव्हती, आग नव्हती. आणि तरी कुठेतरी काहीतरी केसभर सरकलं होतं, आणि ते दुखत होतं.

'किती कमी?' त्याने विचारलं. हा प्रश्न त्याने हयातभर विचारला होता. उत्तर माहीत नसताना आज पहिल्यांदाच.

घराकडे वळायचा चौक आला होता. तिने आरशातून त्याच्याकडे पाहिलं, मग वळणाचा दिवा बंद केला.

'मोजायला वेळ लागेल. लांबच्या रस्त्याने घेते मग,' ती म्हणाली, आणि गाडी सरळ नेली.